न्यायदेवतेच्या पायाखाली मिडास

नमस्कार,

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. ॲमस्टरडॅमच्या जुन्या नगरभवनातली न्यायाची शिल्पं ही धनाढ्य व्यापाऱ्यांनी गोरगरिबांना घातलेली दहशत आहे आणि मी तिचं कौतुक करते, हा तुमचा आक्षेप. दहशत होतीच. पण ती फक्त गरिबांसाठी होती, हे मला पटत नाही.

नागरिकांच्या दालनात, न्यायाधीशांच्या खोलीच्या दारावर पाहा. तलवार-तराजू घेतलेली न्यायदेवता असूया आणि हाव यांना तुडवते आहे, आणि ही हाव म्हणजे हात लावीन त्याचं सोनं होवो असं मागणारा, गाढवाच्या कानांचा राजा मिडास! सोन्यामागे धावणाऱ्या शहराने स्वतःच्याच घरात ही मूर्ती बसवून घेतली. गरिबांनाच दरडावायचं असतं, तर पायाखाली एखादा चोर पुरेसा होता.

तळमजल्यावर मृत्युदंड जाहीर करण्याची खोली आहे. खटला वरच्या मजल्यावर आधीच चाललेला असे. इथे निकाल सांगत, आणि नगरभवनासमोरच्या दाम चौकातली गर्दी खिडक्यांतून तो पाहत असे. न्यायाधीशांच्या बाकामागे शिल्पकार आर्तुस क्वेलिनसने संगमरवरात तीन प्रसंग कोरलेत: एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन बायकांमधला राजा सॉलोमनचा निवाडा, पोटच्या मुलांना देहदंड देणारा प्राचीन रोमचा ब्रूटस, आणि ग्रीक कायदेकर्ता झॅल्युकस. या झॅल्युकसच्या कायद्याप्रमाणे त्याच्या मुलाचे दोन्ही डोळे जायचे होते. बापाने एक डोळा मुलाचा काढवला, दुसरा स्वतःचा. कायदाही राहिला, मुलगाही पुरता आंधळा झाला नाही. या तिन्ही प्रसंगांत कसोटी लागते ती निवाडा करणाऱ्याची, आणि ती चौकातल्या लोकांना दिसेल अशी न्यायाधीशांच्या डोक्यामागे कोरली आहे. मधल्या स्त्रीमूर्तींपैकी दोघींनी तर शरमेने हातांनी तोंड झाकलंय.

तुम्ही एल्सये क्रिस्तियान्सचं उदाहरण दिलंत, ते मलाही छळतं. डेन्मार्कहून मोलकरणीचं काम शोधत आलेली अठरा वर्षांची मुलगी. थकलेल्या भाड्यावरून भांडण झालं, घरमालकिणीने झाडूने मारलं, हिने कुऱ्हाड उचलली, आणि मालकीण मेली. मे 1664 मध्ये तिला दाम चौकात गळा आवळून मारलं आणि प्रेत खाडीपलीकडे टांगलं. रेम्ब्रांटने ते जाऊन रेखाटलं: खांबाला आवळलेलं शरीर, निर्जीव लोंबणारे हात, डोक्याशेजारी तीच कुऱ्हाड.

माझा राग आहे तो झॅल्युकसखाली बसून तिचा निकाल वाचणाऱ्यांवर. क्वेलिनसने त्यांच्या पाठीमागे दयेचा दाखला ठेवला होता. तो त्यांनी वापरला नाही. याचा दोष शिल्पावर टाकायला मी तयार नाही.