राजीनामा ते मागतात आणि आपण देतो

"आयटीवाल्यांना लेबर लॉ लागूच नसतो रे, कशाला डोकं लावतोस, त्याला सांग सही कर आणि सुट." गेल्या महिन्यात आमच्या इंजिनिअरिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने हे टाकलं आणि त्यावर धडाधड अंगठे पडले. अंगठे देणारे कोण, तर हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात अर्धं आयुष्य काढलेले लोक, त्यातले दोघं-तिघं तर आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून लोकांना काढायचं काम करतात. मी लिहिलं, लागू असतो. लगेच उत्तर आलं, "तुझं काय जातंय, तू जर्मनीत बसून बोलणार." हे उत्तर आता इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं स्मायलीसुद्धा मला आधीच दिसतं.

विषय माझ्या भाच्याचा होता. ग्रुपवर नाव न घेता फक्त विचारलं होतं की पुण्यात कामगार खटले चालवणारा चांगला वकील कोण. भाचा वाकडला राहतो, एका कंपनीत टेस्टिंगला आहे, चार वर्षं दहा महिने झाले. दुपारी टीम्सवर पंधरा मिनिटांचं इन्व्हाइट आलं, विषय 'क्विक कनेक्ट'. आत एचआरच्या दोघी, आणि मॅनेजर कॅमेरा बंद करून. सांगितलं काय, तर प्रोजेक्ट नाही, तू बेंचवर आहेस, आज सहाच्या आत पोर्टलवर रेझिग्नेशन टाक, टाकलंस तर दोन महिन्यांचा बेसिक आणि रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून रीतसर मोकळं केल्याचं पत्र), नाही टाकलंस तर टर्मिनेट करू आणि मग पुढच्या कंपनीचा बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनला फोन आला की काय सांगायचं ते आम्ही बघू. पोर्टलवर कारणाचा ड्रॉपडाउन असतो. त्यात उच्च शिक्षण आहे, लग्न आहे, तब्येत आहे, चांगली संधी आहे. कंपनीने सांगितलं म्हणून, हे कारण त्यात नाही. त्याने मला स्क्रीनशॉट पाठवला आणि विचारलं, "मामा, यातलं कुठलं टाकू?"

माझं डोकं फिरलं ते या प्रश्नावर. पोरगा बीई झालेला, फ्लॅटचा हप्ता भरणारा, क्रेडिट कार्डाच्या नियमांचं बारीक अक्षर वाचणारा. आणि नोकरीच्या बाबतीत तो विचारतोय की खोट्यांपैकी कुठलं खोटं निवडू.

आता कायदा. मी वकील नाही, पण एवढं तर कुणीही वाचू शकतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण हे पदाच्या नावावरून ठरत नव्हतं, कामावरून ठरत होतं, आणि टेक्निकल, स्किल्ड काम त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यातल्या औद्योगिक संबंध संहितेतही तेच आहे. मॅनेजर बाहेर, महिना 18 हजारांच्या वर पगार असलेला सुपरवायझर बाहेर. पण सुपरवायझर म्हणजे खरोखर दुसऱ्यांवर देखरेख करणारा. दिवसभर स्वतः टेस्ट केसेस चालवणाऱ्या माणसाच्या आयडी कार्डावर 'असोसिएट कन्सल्टंट' छापलं म्हणून तो आपोआप साहेब होत नाही. अशा माणसाला काम नाही म्हणून काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि झालेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. राजीनामा दिला की यातलं काहीच नाही, कारण मग तुम्हाला काढलेलं नसतं, तुम्ही गेलेले असता. म्हणून तर मागतात ना राजीनामा! नाहीतर एवढ्या मोठ्या कंपनीला तुमच्या एका क्लिकची एवढी काय पडलेली असणार?

आणि चार वर्षं दहा महिने हा आकडा कुणी नीट बघितला का? ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात. पण शेवटच्या वर्षात 240 दिवस भरले, किंवा पाच दिवसांचा आठवडा असेल तर 190, तर ते वर्ष पूर्ण धरायचं असं कायद्यात आहे, आणि मद्रास हायकोर्टाने त्यावरून चार वर्षं 240 दिवसवाल्याला ग्रॅच्युइटी दिलेली आहे. सगळ्या कंपन्या हे मानत नाहीत, भांडावं लागतं. पण भांडायला जागा आहे, आणि ती जागा ज्याला माहीत नाही त्याला सहा वाजेपर्यंतची मुदत दिली जाते.

रिलीव्हिंग लेटरचा बागुलबुवा तर विचारूच नका. तुमची नोकरी पीएफच्या यूएएन खात्यावर, म्हणजे कंपनी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ नंबरावर, महिन्या-महिन्याने नोंदलेली असते, ती कुठलीही एचआर पुसू शकत नाही. कंपनीने एक्झिटची तारीख टाकली नाही तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः टाकू शकता. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, आता दोन कामाच्या दिवसांत द्यायचंय, काढलं तरी आणि सोडलं तरी, आणि हे वेतन संहितेत मॅनेजरलासुद्धा लागू आहे, तिथे कामगार की साहेब हा वादच नाही. पंचेचाळीस दिवस थांबा म्हणणाऱ्या एचआरला हे कुणी सांगत नाही, कारण सांगणार कोण, ज्यांनी सांगायचं तेही थांबलेलेच असतात.

इथे कसं असतं ते लिहिलं की लोक चिडतात, तरी लिहितो. आमच्याकडेही सध्या माणसं काढतायत, ऑटो सप्लायरांचे हाल सगळ्यांना माहितीयेत. पण इथे टीम्सवर कुणाला काढता येत नाही. नोटीस कागदावर लागते, पेनने केलेल्या सहीची, ईमेलवरची क्युंडिगुंग, म्हणजे काढल्याची नोटीस, निव्वळ रद्दी. आधी बेट्रीब्सराटला, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या कंपनीतल्या समितीला, विचारावं लागतं, नाही विचारलं तर नोटीस बाद. मिळाल्यापासून तीन आठवड्यांत आर्बाइट्सगेरिश्टात, म्हणजे कामगार न्यायालयात, जायचं. माझ्या शेजारी बसणाऱ्या गड्याला आउफहेबुंग्जफरट्राग, म्हणजे आपसात ठरवून नोकरी संपवायचा करार, दिला, त्याने तो शांतपणे बॅगेत घातला, म्हणाला वकिलाला दाखवतो, आणि जेवायला गेला. एचआरच्या बाईलाही त्यात काही वाटलं नाही. लगेच सही करेल तो वेडा, वर बारा आठवडे बेकारभत्ता अडकायची भीती. इथेही शेवटी नोकरी वाचतेच असं नाही हं, बऱ्याचदा तडजोड होऊन पैसेच हातात येतात. पण सही फुकट मिळत नाही, विकत घ्यावी लागते. फरक तो आहे.

ग्रुपवर यावर ठरलेला मुद्दा आलाच, की असले लाड केले तर कंपन्या पुण्यातून उठून फिलिपाइन्सला जातील. हा मुद्दा मला सगळ्यात जास्त झोंबतो, आणि का ते सांगतो. आमच्या इथल्या सभेत जेव्हा कुठलं काम कुठे हलवणार याची स्लाइड येते तेव्हा त्यावर पुणे असतं. नकाशावर एक ठिपका. लोक नकळत माझ्याकडे बघतात. वाईट नजरेने नाही, पण बघतात, आणि मी कॉफीच्या कपाकडे बघतो. पुणं स्वस्त आहे हे तर आहेच, पण तिथे माणूस एका संध्याकाळीत कमी करता येतो हाही हिशोब त्या स्लाइडच्या मागे असणारच, असं माझं मत आहे. म्हणजे तुमच्या त्या एका क्लिकमुळे इथल्यांची नोकरी जाते आणि पुढच्या वर्षी तुमचीही. इथे मी पुण्याचा प्रतिनिधी, पुण्यात मी जर्मनीचा. कुणी निवडून दिलं नाही, मानधनही नाही.

आणि हे सगळं जर्मनीत येऊन शिकलो असं म्हणलो तर आमच्या बाबांचा अपमान होईल. बाबा पिंपरीला एका इंजिनिअरिंग कारखान्यात होते. चार्जशीट, शो-कॉज, डोमेस्टिक एन्क्वायरी, सेटलमेंट हे शब्द मी शाळेत असताना घरात जेवताना ऐकलेत. कॉलनीतल्या कुठल्याही काकांना विचारा, आठवी शिकलेले असोत, साहेबाने कागद पुढे केला की "युनियनला दाखवतो" हे त्यांच्या तोंडात तयार असायचं. गेट मीटिंगला सेकंड शिफ्टवाले डबे घेऊन उभे असायचे. 1989 च्या सप्टेंबरात टेल्कोचे (आताच्या टाटा मोटर्सचे) कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले, बाबा टेल्कोत नव्हते तरी दोनदा जाऊन आले, आई ओरडली होती. तो लढा हरला, पोलिसांनी उचलून नेलं, हेही खरं. युनियनमध्ये सगळे संत होते असंही नाही, काही जणांनी दुकानं मांडली होती, बाबाच सांगतात. पण सही न करता घरी येणं ही त्या माणसांना मर्दुमकी वाटत नव्हती, साधी रीत होती ती.

मग त्यांच्याच पोरांना काय झालं? मला वाटतं आपल्याला 'कामगार' म्हणवून घ्यायची लाज वाटली. बाप निळ्या कपड्यात कंपनीच्या बसने जायचा, आपण एसी कॅबने गळ्यात पट्टा घालून. ऑफर लेटरवर 'अट विल', म्हणजे कंपनी वाटेल तेव्हा काढू शकते, असल्यासारखी वाक्यं छापलेली, आपण ती खरी मानली. आठवड्याला सत्तर तास काम करावं की नव्वद यावर तावातावाने भांडतो, कारण त्या भांडणात कुणालाच काही करावं लागत नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यातच आठवड्याला 48 तास आणि ओव्हरटाइमला दुप्पट लिहिलेलं होतं. ओव्हरटाइम मागितलेला एक माणूस दाखवा ग्रुपवरचा. 2025 च्या जुलैत टीसीएसने 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास माणसं कमी करणार असं सांगितलं तेव्हा 'नाइट्स' ही आयटीवाल्यांची संघटना केंद्राच्या कामगार मंत्रालयाकडे गेली. ती पुण्यातलीच. तिचं नाव काढलं की आमचा ग्रुप हसतो. "काय झेंडे घेऊन फिरायचं का आता?" बापाने फिरवले म्हणून तर तुझी फी भरली गेली, असं लिहिणार होतो, पण त्याचे वडील नुकतेच गेलेत.

आता माझ्या धाडसाबद्दल. ते आहे, पण ते कुठून आलं हेही सांगायला हवं. इथे आलो तेव्हा ब्लू कार्डवर, म्हणजे नोकरीला बांधलेल्या राहण्याच्या परवान्यावर, होतो. नोकरी गेली तर मोजकेच महिने, मग आउसलेंडरबेहोर्डेचं, म्हणजे परदेशी लोकांच्या परवान्यांच्या ऑफिसचं, पत्र, ही धास्ती कायम. त्या काळात मी बेट्रीब्सराटच्या मतदानालासुद्धा भिंतीच्या कडेने जायचो. शुक्रवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर बसलेला एकटा मी असायचो आणि शेफला, म्हणजे साहेबाला, त्यात काही वावगं वाटत नव्हतं. पुढे जर्मन भाषेचं बी-वनचं सर्टिफिकेट झालं, नीडरलासुंग (कायमचा राहण्याचा परवाना) मिळाली, रेश्ट्सशुट्झ (वकील-कोर्टाच्या खर्चाचा विमा) काढला, आणि मग एकदम मला हक्क बिक्क आठवायला लागले. युनियनचं कार्डही घेतलं, बाबांना फोटो पाठवला, ते म्हणाले "वर्गणी किती?"

विचित्र याचं वाटतं की पुण्यातून मला कोण काढणार होतं? तिथे व्हिसा नव्हता, परवाना नव्हता, आजी-आजोबांपासूनचं घर तिथलं. तरी तिथे असताना मी कधी ब्र काढला नाही. आणि इथे, जिथे माझं नाव अजून कुणाला धड उच्चारता येत नाही, तिथे मी सभेत हात वर करून प्रश्न विचारतो. मग "तू कोण बोलणार" म्हणणारा मित्र अगदीच चुकीचा आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. पण कायद्याबद्दल तो चुकीचाच आहे, ते मी सोडणार नाही.

भाच्याने सहा वाजता काही टाकलं नाही. माझ्याशी फोनवर बोलत त्याने साधा चार ओळींचा मेल लिहिला, की आज दुपारच्या मीटिंगमध्ये मला राजीनामा द्यायला सांगितलं, माझी राजीनामा द्यायची इच्छा नाही, मी कामाला तयार आहे, कंपनीला मला कमी करायचं असेल तर कारणासह लेखी कळवावं. स्वतःच्या जीमेलला बीसीसी. सॅलरी स्लिपा, अपॉइंटमेंट लेटर, अप्रेझलची रेटिंगं आधीच उतरवून घेतली, कारण लॅपटॉप कधी लॉक होईल सांगता येत नाही. त्यानंतर एचआरचे फोन आले, मेल एकही नाही. प्रत्येक फोननंतर तो "आत्ता आपण बोललो त्याप्रमाणे" असा मेल टाकतो. दुसऱ्या की तिसऱ्या मेलनंतर फोन थांबले. पगार आला. लॉगिन चालू आहे, काम देत नाहीत. वकीलबाई भेटल्या, शेवटी बाबांच्या जुन्या ओळखीतून, ग्रुपमधून नाही. त्यांचं म्हणणं, आधी कामगार आयुक्तांकडे अर्ज, मग पुढचं.

ताई माझ्यावर रागावलीये. तिचं म्हणणं, पोराचं लग्न ठरतंय, मुलीकडचे विचारणार जावई काय करतो, तर काय सांगायचं, कंपनीशी भांडतो? दोन महिन्यांचे पैसे घेऊन दुसरी नोकरी शोधली असती तर एव्हाना लागली असती. तू तिकडून भरीला घालतोस आणि निस्तरायचं आम्ही. खरंय, निस्तरायचं त्यांनीच. वकीलबाईंची निम्मी फी मी पाठवतोय, पण ते काही निस्तरणं नव्हे, हे तिलाही कळतं आणि मलाही.