नायट्रिक ऑक्साइड पोट फुगवत नाही

इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपवर फिरतंय : ‘आतड्यात नायट्रिक ऑक्साइड साचून पोट फुगतं, चूर्णाने तो बाहेर काढा.’ चूक. हा वायू साचतच नाही, काही सेकंदांत संपतो. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जापेशी तो गरजेपुरता बनवतात, शेजारच्या स्नायूला ‘सैल हो’ सांगायला. मग अन्न पुढे सरकतं. त्या पेशीच नसल्या तर तेवढं आतडं आवळलेलं राहतं. हिर्शस्प्रुंग आजार असलेल्या बाळांचं नेमकं हेच होतं. रक्तवाहिन्यांतलं नायट्रिक ऑक्साइडचं काम उलगडणाऱ्यांना १९९८ चं नोबेल मिळालं. (हसवणारा वायू वेगळा, तो नायट्रस ऑक्साइड.) सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या खाऊबाजारात, रात्री गराडू (तळलेला कंद) हाणल्यावर पोट फुगतं ते गिळलेल्या हवेने आणि जिवाणूंनी बनवलेल्या हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइडने, काहींच्या पोटात मिथेनही.