सूसच्या घराचा व्यवहार

गेल्या महिन्यात आम्ही पुण्याजवळच्या सूस गावातले आमचे घर विकले. ज्यांना हे कळले त्यांपैकी बहुतेकांनी "सोने झाले तुमच्या जागेचे" असे म्हणून अभिनंदन केले, आणि हिशेब पाहता ते खरेही आहे. परंतु या व्यवहारात घराला एक रुपयाचेही मोल आले नाही, हे प्रत्येकाला तोंडी सांगणे जड जाते, म्हणून एकदा लिहून काढते.

1998 साली आम्ही तेथे पाच गुंठ्यांचा बिगरशेती प्लॉट घेतला, तेव्हा सूस खिंड ओलांडली की रात्री स्कूटरच्या दिव्याखेरीज उजेड नसे. बांधकाम हप्त्याहप्त्याने झाले. स्लॅब टाकल्यावर गवंड्याने त्यावर मातीचे वाफे करून दिले आणि ते तीन आठवडे पाण्याने भरलेले ठेवा म्हणून बजावले. टँकर दिवसाआड येई. कार्यालयातून परस्पर तिकडे जाऊन आम्ही दोघे ड्रममधल्या पाण्याच्या बादल्या वर नेत असू, आणि एका संध्याकाळी वाफा फुटून जिन्यावरून पाणी वाहू लागले, तेव्हा नवऱ्याने हातातली डब्याची पिशवी डब्यासकट त्या भगदाडात कोंबली. 2001 च्या मे महिन्यात वास्तुशांत झाली.

पुढे हिंजवडीतल्या नोकऱ्यांमागोमाग वस्ती आली. 30 जून 2021 रोजी जी 23 गावे पुणे महापालिकेत समाविष्ट झाली त्यांत सूसही होते. त्याआधीच, डिसेंबर 2020 मध्ये, राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू झाली होती आणि अधिमूल्य, म्हणजे वेगळे शुल्क, भरून जादा एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या मानाने अधिक बांधकामाची मुभा, घेण्याची वाट रुंद झाली होती. मात्र यात कोणी आमच्यावर अन्याय केला, असे मी म्हणणार नाही. आमच्या दक्षिणेच्या खिडकीतून दिसणारे हरभऱ्याचे शेत ज्यांचे होते, त्यांच्याच भावकीतून आमचाही प्लॉट आला होता. त्या गावाच्या दृष्टीने पहिले उपनगर आम्हीच होतो. आम्ही पैसे पाच गुंठ्यांचे मोजले आणि डोंगरापर्यंतचे सगळे आपले मानून बसलो.

त्याच शेतावर 2022 साली बावीस मजली इमारत उभी राहिली. आवाज, धूळ, रस्त्यावरच्या गाड्या यांची सवय होते, उन्हाच्या अभावाची होत नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर असतो, त्यामुळे अशा इमारतीची सावली उत्तरेला साठ मीटरपर्यंत पोहोचते. आमचे घर त्या साठ मीटरांत आले. गच्चीवरचा सोलर बंब नोव्हेंबर ते जानेवारी कोमट पाणी देऊ लागला, आणि अंगणातल्या ज्या कोपऱ्यात सासूबाई सकाळी उन्हाला बसत, तेथे शेवाळ धरले.

वकिलांना विचारले. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार इमारतीला सलग 20 वर्षे मिळालेल्या उजेडावर हक्क सांगता येतो, आणि आमची 20 वर्षे भरली होती. पण दाव्यासाठी नुकसान भरीव असल्याचे सिद्ध करावे लागते, आणि डोंगर दिसणे या हक्कात बसत नाही. आमच्या वयात दाव्याच्या तारखा मोजत बसायचे नाही, असे आम्ही ठरवले. इमारतींना मोकळी जागा किती सोडायची याचे नियम आहेत, परंतु शेजारच्या गच्चीवर हिवाळ्यात किती तास ऊन राहील, हे परवानगीपूर्वी मोजण्याची सक्ती असायला हवी, असे माझे ठाम मत आहे. गणित दहावीच्या त्रिकोणमितीएवढेच आहे.

जागा घेणारा विकासक तीनदा आला, पण त्याने चपला काढून आत पाऊल टाकले नाही. त्याच्या माणसांनी रस्त्याकडची रुंदी मोजली, सातबारा पाहिला आणि दर ठरला. घरविक्रीच्या नफ्यावरचा कर वाचवायचा तर नवे घर विकत घ्यायला कायद्याने दोन वर्षे मिळतात. आम्ही कोथरूडला दुसऱ्या मजल्यावर सदनिका घेतली.

घराची किंमत अखेर एकाच माणसाने केली, पाडकामाच्या ठेकेदाराने. त्याने सागवानी चौकटींवर बोटे वाजवून पाहिली, खिडक्यांचे गज मोजले, कोटा फरशी निघताना फुटते म्हणून तिचे काही धरले नाही, आणि ती रक्कम आम्हाला नव्हे, विकासकाला सांगितली. मग गच्चीवर जाऊन त्याने वरूनच विचारले, "ताई, सोलर नेणार का?" कोथरूडच्या इमारतीत गच्ची सोसायटीची आहे आणि तेथे आणखी बंब बसवायला जागा नाही. मी त्याला तो ठेवून घ्यायला सांगितले.