चार थेंब तेलाने पिस्तूल हवा धरत नाही

महिन्याभरात एकच मेसेज मला पाच-सहा जणांनी पाठवला. एक गोव्यातल्या पेडण्याहून आला, एक फोंड्याहून, एक थेट मुंबईच्या भाच्याकडून. मजकूर असा: "जुनं पंपाचं एअर पिस्तूल हवा धरत नाही? कारागिराकडे जाऊ नका. पंपात चार थेंब तेल सोडा, नळाचा वायसर बसवा, आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा, पंधरा पंप मारा. पिस्तूल नवंकोरं! लायसन्सचीही कटकट नाही."

मी हौसेने जुनी एअर पिस्तुलं उघडतो, सील बदलतो, ओळखीच्यांना करून देतो. या सल्ल्याने बिघडलेली दोन पिस्तुलं यंदा माझ्या टेबलावर आली. सेकंडहँड घेणारा माणूस आधीच जपून पैसे टाकतो, त्याचं पिस्तूल असं फुकट जाताना बघवत नाही.

तेलाचा सल्ला अगदीच हवेतून आलेला नाही. घरातला पंपाचा रॉकेल स्टोव्ह आठवा. त्याच्या पंपात चामड्याचा वायसर असायचा. तो सुकला की पंप पोकळ चालायचा. मग आई वायसर काढून त्याला तेल चोळायची, कडा बोटाने जरा फाकवायची, आणि पंप पुन्हा घट्ट. जुन्या बेंजामिन कंपनीच्या पिस्तुलांच्या दट्ट्यालाही असाच चामड्याचा कप आहे. त्याला तेल हवंच, तो तेल पिऊन फुगतो आणि नळीला चिकटून बसतो. पण पुढच्या पिस्तुलांत चामडं गेलं, नायट्राइल किंवा पॉलियुरेथेनसारखं कृत्रिम रबर आलं. ते तेल पिऊन फुगावं म्हणून बसवलेलंच नसतं. झिजलेल्या, चपट्या झालेल्या ओ-रिंगवर, म्हणजे हवा अडवणाऱ्या गोल रबरी कडीवर, तेल सोडलं की पातळ थर फट भरतो, चार-सहा वेळा बार बरा होतो, आणि माणूस मेसेज पुढे पाठवतो. आठवड्याने परत तेच. दट्ट्यामागे नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, कडी असेल तर तिच्यावर पुस्तिकेत सांगितलेल्या तेलाचा एखादा थेंब टाकावा, तिचं ते कामच आहे. एकाच दाबात, म्हणजे एकदाच पंप मारून, चालणाऱ्या पिस्तुलाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा बोटाने दिलेला पुसट हात पुरतो.

आपल्याकडे "तेल" म्हटलं की हात खोबरेलाच्या बाटलीकडे जातो, म्हणून हे वेगळं सांगतो. खोबरेल साधारण २४ अंशांखाली गोठतं. डिसेंबरात सत्तरीतल्या पहाटेला बाटली पांढरी झालेली तुम्ही पाहिलीच असेल. तसंच ते झडपेत गोठतं, पुढे खवट होऊन चिकटतं. डब्ल्यूडी-४० चा फवाराही नको. तो आतलं ग्रीस धुऊन नेतो, सील कोरडं पडतं.

आता नळाचा वायसर. डिचोलीच्या एका मित्राने घेतलेलं पिस्तूल मी पावसाळ्यात उघडलं. आधीच्या मालकाने दट्ट्यावर कुठली तरी काळी रबरी कडी चढवली होती आणि वर शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. कडी बाहेर काढली तर रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखी टचटचीत फुगलेली, नखाने दाबली की तुकडा निघत होता. नैसर्गिक रबर आणि ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर खनिज तेलात फुगतं. नायट्राइल ते तेल सोसतं. नळाचा वायसर कोणत्या रबराचा आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. तो पाण्याच्या नळाला बसून राहण्यासाठी केलेला, नळीत शेकडो वेळा सरकण्यासाठी नव्हे.

मापाचीही तीच गोष्ट. जुनी रिंग मोजून नवी आणू नका. ती एक तर फुगलेली असते, नाही तर दबलेली. खोबणी मोजा, नळीचा आतला व्यास मोजा. मित्राच्या पिस्तुलात खोबणीच्या तळापासून नळीच्या भिंतीपर्यंत व्हर्नियरवर २.३ मिलिमीटर जागा आली. दुकानात २.५ जाडीची रिंग मिळते आणि इंची मापातली २.६२ ही. हातात घेतल्या तर दोन्ही सारख्याच. पण २.५ ची त्या जागेत ८ टक्के दबते आणि २.६२ ची १२ टक्के. पहिली घातली तेव्हा पंप गुळगुळीत चालला आणि हवा निसटत राहिली. दुसरीने पकडली. वेर्णा, कुंडईच्या कारखान्यांना माल देणाऱ्या हायड्रॉलिक सीलच्या दुकानांत "नायट्राइल, ७० शोअर" असं सांगून मागा; शोअर म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं माप. कडी काही रुपयांत मिळते. बसवण्याआधी नळीत बॅटरी मारून बघा. आपल्या खाऱ्या हवेने आत गंजाचे खड्डे पडले असतील तर नवी रिंगही दहा दिवसांत कापली जाईल. बारीक पॉलिश पेपर ओला करून, गोल फिरवून नळी आधी गुळगुळीत करावी लागते.

या मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक मात्र त्यात जे नाही त्यात आहे. हवा जाते कुठून, हे तो विचारतच नाही. छर्रा नाही याची दोनदा खात्री करा, डोळ्यांवर चष्मा चढवा, नळी वाळूच्या पेटीकडे धरा, बोट चापापासून लांब. आधी घोडा ओढून ठेवा, कारण काही पिस्तुलांत तो पुढे असला की झडप दाबलेली राहते आणि हवा साठतच नाही. तो बिघाड नव्हे, आणि त्यावरून चांगली पिस्तुलं मातीमोलाने विकलेली मी पाहिली आहेत. मग तीन पंप मारा. लिव्हरला जोरच लागला नाही तर दोष दट्ट्याच्या सीलचा. जोर लागला, पण लिव्हर आपोआप उघडू लागली तर हवा आत सोडणारी झडप परत गळते आहे. लिव्हर शांत आणि तरी हवा जाते, तर नळीच्या तोंडासमोर बाजूने अगरबत्ती धरा. सरळ चढणारा धूर तिथे मोडला की बाहेर सोडणारी झडप बसत नाही. कधी तिच्या बैठकीवर नुसता कचरा असतो. ही तीन दुखणी आणि तीन वेगळे भाग. न बघता सगळ्यांवर तेल ओतून काय साधणार?

टेफ्लॉन टेपचं थोडक्यात. पिस्तुलातले आटे सरळ असतात, हवा तिथे ओ-रिंग अडवते. टेपची तुसं सुटून झडपेच्या बैठकीत अडकतात. मी चिमट्याने काढली आहेत. टेप नको.

आणि पंधरा पंप. क्रॉसमन १३७७ ला कंपनीने ३ ते १० पंप सांगितले आहेत, आणि त्यामागे कारण आहे. आतली हवाच झडपेला मागून दाबून बंद ठेवते. घोड्याची स्प्रिंग मात्र तेवढ्याच जोराची. दाब वाढत गेला की घोडा झडपेला नुसता टेकून परत येतो, थोडी हवा सुटते, बाकी आतच राहते. आणखी मारले तर झडप उघडतच नाही. शिवाय लिव्हरच्या पिना वाकतात. बैकल आयझेडएच-४६ एम सारख्या एकाच दाबाच्या पिस्तुलात तर दुसऱ्या पंपाने काहीच साठत नाही, लिव्हर पुन्हा उघडली की पहिला दाब मोकळा होतो. ताकद कमी वाटते तर गळती शोधा, पंप मोजत बसू नका.

लायसन्सचं वाक्य अर्धं खरं आहे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिलिमीटर व्यासापर्यंतच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही. दोन्ही अटी पाळायच्या. म्हणून घेताना नळीवरचं माप वाचा, विकणाऱ्याकडून जुनी पावती मागून घ्या. रानातल्या जनावरावर, पाखरावर ते चालवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात येतं, मग परवाना लागो वा न लागो.

डिचोलीच्या पिस्तुलात शेवटी एक ओ-रिंग बदलली आणि झडपेच्या बैठकीतला काळा चिकटा पुसला. तीन पंप भरून दोन तास वाळूच्या पेटीसमोर ठेवलं, मीही शेजारीच बसून होतो. मग अगरबत्ती धरली. धूर सरळ वर गेला. मित्र ते न्यायला आला तेव्हा त्याने फोमची पेटी आणली होती. ती मी परत पाठवली. आषाढात फोम ओल धरून ठेवतो आणि लोखंड आतून खातो. पिस्तूल सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह कपाटाच्या वरच्या खणात, कुलपात ठेवायला सांगितलं.