‘रिपोर्टात नर, आणि त्यानं घातलं अंडं’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

पिल्लांची डीएनए तपासणी करून नर-मादी कशी ओळखतात यावर मी लिहिलं, त्याखाली तुम्ही मला चांगलंच झाडलंय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: शिवाजी पेठेत वडिलांपासूनची कबुतरांची ढाबळ आहे, शेपटीखालची हाडं चाचपली की नर-मादी कळते, लॅब म्हणजे पैसे काढायचा धंदा. पुतण्यानं लव्हबर्डच्या पिल्लाची पिसं पाठवली, रिपोर्ट ‘नर’ आला आणि पुढं त्याच ‘नरा’नं अंडं घातलं. वर शेवटचा टोला, की कोल्हापुरात बसून लिंगनिदानाची जाहिरात करताना लाज कशी वाटत नाही?

हाडांवरून तुमच्याशी भांडायची माझी छाती नाही, पण मोठ्या कबुतरापुरतीच. अंड्यावर आलेल्या मादीची ती दोन हाडं सैल पडतात, मध्ये बोट जातं. शिवाय नर घुमतो, गळा फुगवून गोल फिरतो, शेपटी जमिनीला घासतो. तिथं लॅब कशाला हवी? मी लिहिलं होतं ते पिल्लांबद्दल. घरट्यातल्या पिल्लाची हाडं अंड्यासाठी रुंदावलेलीच नसतात, त्यामुळं बोटाला कळतं ते पिल्लू किती पोसलंय एवढंच. आणि ‘दोन अंडी, एक नर एक मादी’ हा हिशोबही पक्का नाही. दोन्ही नर निघतात, दोन्ही माद्या निघतात. दोन माद्यांनीच जोड धरली तर घरट्यात चार अंडी येतात आणि एकातूनही पिल्लू निघत नाही. हे तुमच्या ढाबळीत कधीच झालं नाही असं तुम्ही म्हणालात, तर मी विश्वास ठेवणार नाही!

डोळ्यानं पिल्लाची नर-मादी सांगायचं एक कसब मात्र खरंच आहे, आणि ते रंगाचं. निळा नर आणि तांबूस, म्हणजे ‘अ‍ॅश रेड’ मादी अशी जोड लावा. लाल निघतील ते नर, निळ्या निघतील त्या माद्या. जोड उलटी केली की हा हिशोब लागत नाही. कारण पक्ष्यांचं गणित माणसाच्या उलट आहे. नराकडं दोन झेड गुणसूत्रं, मादीकडं एक झेड आणि एक डब्ल्यू. मादी पिल्लाला एकुलता झेड मिळतो तो बापाकडून, म्हणून तिचा हा रंग बाप ठरवतो. कॉकाटेल या तुरेवाल्या पोपटातही तेच. ल्युटिनो, म्हणजे पिवळा नर आणि राखाडी मादी यांची पिवळी पिल्लं सगळ्या माद्याच असतात. (बाजारात कुणी ‘स्प्लिट ल्युटिनो मादी’, म्हणजे पिवळा रंग न दिसता एका झेडवर लपवून ठेवणारी मादी म्हणून जास्त पैसे सांगितले तर हसून पुढं जावं. ज्या मादीकडं झेड एकच आहे, ती स्प्लिट होणार कुठून?)

पण पुतण्याचे लव्हबर्ड नर-मादी सारखेच दिसणारे. तिथं रंगाचा हिशोब नेहमी जुळवता येत नाही, आणि म्हणूनच तपासणीचा प्रश्न येतो. आता तुमच्या त्या रिपोर्टकडं वळतो, कारण तुमच्या सगळ्या प्रतिक्रियेत खरा मुद्दा तोच आहे.

सीएचडी-१ नावाचं एक जनुक झेडवरही असतं आणि डब्ल्यूवरही. दोन्हीकडचा मजकूर जवळजवळ सारखा, पण मधल्या एका तुकड्याची लांबी वेगळी. तो तुकडा पीसीआरनं, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढायच्या पद्धतीनं वाढवायचा आणि जेलवर, म्हणजे लांबीनुसार तुकडे वेगळे करणाऱ्या थरावर पळवायचा. दोन पट्ट्या दिसल्या तर मादी, एकच दिसली तर नर. यासाठीचे पी-२ आणि पी-८ हे प्रायमर, म्हणजे नेमका तो तुकडा पकडणारे डीएनएचे छोटे धागे, १९९८ साली रिचर्ड ग्रिफिथ्स आणि सहकाऱ्यांनी दिले. बऱ्याच जातींना ते लागू पडतात, शहामृग-इमूंना नाही, कारण त्यांच्यात झेड आणि डब्ल्यू यांच्यात फरकच फार थोडा.

यातली मेख बघा. ‘मादी’ हे उत्तर डब्ल्यूची पट्टी दिसल्यावर मिळतं. ‘नर’ हे उत्तर ती न दिसल्यावर मिळतं. न दिसण्याची कारणं दोन असू शकतात: डब्ल्यू नाहीच, किंवा आहे पण नमुन्यात डीएनए इतका थोडा वा खराब की ती पट्टी उमटलीच नाही. म्हणून चांगली लॅब ‘नर’ आल्यावर पुन्हा तपासते किंवा दुसऱ्या प्रायमरनं पडताळते, आणि प्रत्येक वेळी माहीत असलेल्या नर-मादीचे नमुने सोबत चालवते. पुतण्यानं पिंजऱ्याच्या तळातलं पीस उचलून पाठवलं असेल तर ते त्याच पिल्लाचं होतं कशावरून? लिफाफ्यावरचा कडी क्रमांक, म्हणजे पिल्लाच्या पायातल्या कडीचा नंबर, चुकला असला तरी हेच होणार. उलटी गडबडही होते: नराच्या पिसाला मादीचा डीएनए चिकटला की नर ‘मादी’ ठरतो, आणि अंड्याच्या टरफलाच्या आतल्या पापुद्र्यात आईच्या पेशी आल्या तरी तेच. त्यामुळं एका अंड्यावरून सगळी पद्धत मोडीत काढू नका. ‘नर रिपोर्ट परत तपासता का?’ हे विचारून लॅब निवडा.

गळालेल्या पिसावरूनही काम होतं, पण ते करणारे हात तसे हवेत. ब्राझीलच्या बाहिया राज्यात स्पिक्स मॅकॉ या निळ्या पोपटाचा रानात एकच पक्षी उरला होता. ग्रिफिथ्स यांनीच १९९५ साली पिसावरून तो नर असल्याचं सांगितलं. मग जोडीसाठी पिंजऱ्यातली मादी रानात सोडली गेली. ती टिकली नाही, आणि २००० नंतर तो नरही दिसला नाही. पण कुणाला सोडायचं हा प्रश्न तरी पिसानं सोडवला होता. तिथं हाडं चाचपायला कोण जाणार होतं?

आता लाजेचं. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयात हजार मुलांमागं ८३९ मुली होत्या, २०११ ला ८६३. तुमचा राग मला समजतो. लिंगनिदानबंदीचा १९९४ चा कायदा माणसाच्या गर्भासाठी आहे आणि तो तसाच कडक हवा. लव्हबर्डची मादी निघाली म्हणून तिला कुणी मारत नाही, उलट जोडीसाठी तिलाच शोधत असतात. मारणं चालतं ते दुसरीकडं: अंड्यांच्या कोंबड्यांच्या हॅचरीत नर पिल्लं पहिल्याच दिवशी संपवतात, कारण ती अंडी देणार नाहीत. तिथं डीएनए नसतो, नजरेनं आणि बोटानं निवड होते. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली. राग काढायचाच असेल तर तिथं काढा, मीही सोबत येतो.

पुतण्याला सांगा, छातीची चार-पाच पिसं मुळासकट उपटायची, मुळाला बोट लावायचं नाही. कोरड्या कागदी पाकिटात घालायची, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी धरते. पाकिटावर कडीचा नंबर तिथल्या तिथं. पशुवैद्याकडून रक्ताचा थेंब घेता आला तर आणखी बरं. आणि बजरिगर या छोट्या पोपटांची पिसं पाठवूच नका. मोठ्या नराची नाकावरची कातडी निळी असते, मादीची तपकिरी. ल्युटिनो-अल्बिनोंमध्ये मात्र हे चालत नाही.

जाता जाता तुम्ही घरातल्या राघूच्या पिल्लाचंही विचारलंत. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. त्याचं पीस कुठंही पाठवू नका, आधी वनविभागाला फोन करा.