शेअर आधी, आकडे नंतर

कंपनीचा अभ्यास करून मगच शेअर घ्यावा, असे सांगणारी जुनी पिढी आता व्याख्यानांपुरती उरली आहे. आपण त्या फंदात पडू नये. आधी शेअर घ्यावा, घेतल्याचे चार लोकांना सांगून टाकावे म्हणजे माघारीचा रस्ता बंद होतो, आणि मग निवांतपणे वार्षिक अहवाल उघडून आपला निर्णय बरोबर होता हे सिद्ध करणारा आकडा शोधावा. तो सापडतोच. कंपनीच्या वित्त विभागातील पगारी माणसांनी तो आपल्यासाठी आधीच निवडून, वर चढणाऱ्या हिरव्या बाणासह, पहिल्या दहा पानांत छापलेला असतो. लेखापरीक्षकांचा अहवाल, संबंधित पक्षांशी (म्हणजे मालकांच्या आप्तांशी किंवा त्यांच्याच इतर कंपन्यांशी) झालेले व्यवहार आणि हिशेबावरील टिपा शे-दीडशे पाने ओलांडल्यावर येतात. तिथवर जाण्याचे कारण नाही. त्यांत महत्त्वाचे काही असते, तर कंपनीने ते पुढे छापले नसते का?

सर्वप्रथम एबिटडाशी सलगी करावी. व्याज, कर, घसारा आणि अमूर्त मालमत्तेची झीज वजा होण्यापूर्वीची कमाई म्हणजे एबिटडा. हे माप अमेरिकेतील केबल टीव्हीच्या धंद्यात जॉन मलोन यांनी रुजवले. त्यांच्या टीसीआय कंपनीला गावोगावी केबल टाकण्यासाठी मोठी कर्जे काढावी लागत, आणि व्याज व घसारा वजा केल्यावर नफा म्हणून दाखवण्यासारखे फारसे हाती राहत नसे. वजाबाकीनंतर काही उरत नसेल तर वजाबाकीच अलीकडे थांबवावी, हा तोडगा पुढे जगभर मान्य झाला. (एकाच धंद्यातल्या, पण कमीअधिक कर्ज असलेल्या दोन कंपन्यांची तुलना करण्यासाठी हे माप खरोखरच उपयोगी आहे, परंतु आपल्याला तुलना करायची नसून समाधान हवे आहे.) यंत्रे झिजतात, ती बदलावी लागतात आणि त्याला रोख पैसे पडतात, हा विचार मनात आलाच तर तो घसाऱ्याच्या रकान्यात लोटून द्यावा.

या मापात आणखी एक सोय आहे. पगार-भाड्यासारखा चालू खर्च एबिटडातून वजा होतो, यंत्रे-इमारतींसारखा भांडवली खर्च होत नाही. म्हणजे एखाद्या खर्चाचे नाव बदलले की कमाई आपोआप वाढते. वर्ल्डकॉम या अमेरिकी दूरध्वनी कंपनीने इतर कंपन्यांच्या तारा वापरल्याबद्दल दिलेले पैसे असेच भांडवली खर्चात टाकले होते. जून २००२ मध्ये तिने ३८० कोटी डॉलरची ही बाब जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीचा अर्ज केला. त्या मानाने जागा भाड्याने घेऊन त्या पुन्हा भाड्याने देणाऱ्या वीवर्कचे वागणे सरळ म्हणायला हवे. तिने २०१८ मध्ये रोखे विकताना ‘समुदाय-समायोजित एबिटडा’ नावाचा आकडा उघडपणे पुढे ठेवला, ज्यात जाहिरात, प्रशासन आणि रचनेचा खर्चही धरलेला नव्हता. खर्चच न धरल्यास कोणतीही कंपनी नफ्यात असते, हा सिद्धांत इतक्या स्वच्छपणे क्वचितच मांडला गेला असेल. कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, परंतु त्यामुळे सिद्धांताला बाध येत नाही.

रोकड प्रवाह पत्रक मात्र कटाक्षाने टाळावे. नफा वाढतो आहे, पण ग्राहकांकडून येणी वसूल होत नाहीत, माल गोदामात साचतो आहे आणि धंद्यातून रोकड येण्याऐवजी जाते आहे, अशा चुगल्या हे पत्रक फार करते. आपल्याकडे सूचीबद्ध कंपन्यांना ते सहामाहीला द्यावे लागते, दर तिमाहीला नाही, ही त्यातल्या त्यात दिलासा देणारी बाब. आणि ज्यांना रोकड पाहिल्याशिवाय चैनच पडत नाही, त्यांनी ताळेबंदातील शिल्लक वाचावी आणि गप्प बसावे. ३० सप्टेंबर २००८ रोजी सत्यम कॉम्प्युटर्सच्या ताळेबंदात ५,३६१ कोटी रुपयांची रोख व बँकेतील शिल्लक होती. त्यांतील ५,०४० कोटी अस्तित्वातच नव्हते, हे ७ जानेवारी २००९ रोजी खुद्द अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कळवले. त्या तिमाहीचे परिचालन आधिक्य, म्हणजे धंदा चालवून सुटलेला नफा, ६४९ कोटी दाखवले होते, प्रत्यक्षात ते ६१ कोटी होते. हजारो कोटी बँकेत पडून असलेल्या कंपनीला त्यावर व्याज किती मिळते आणि ते खरोखर जमा होते का, असे विचारणारा माणूस त्या काळी कोणत्याही समारंभात नकोसाच वाटला असता. आपण तसे होऊ नये.

भागभांडवलावरील परतावा पाहावा, तो मोठा असल्यास आनंद मानावा, आणि तो मोठा का आहे हे विचारू नये. समजा, १०० कोटींच्या धंद्यात व्याजापूर्वी १५ कोटी सुटतात. सगळे भांडवल मालकांचे असेल तर परतावा १५ टक्के, म्हणजे मिळमिळीत. त्याच धंद्यात ८० कोटी कर्ज १० टक्क्यांनी घेतले की व्याजाचे ८ कोटी जाऊन ७ उरतात, आणि कर बाजूला ठेवल्यास मालकांच्या २० कोटींवर परतावा ३५ टक्के होतो. धंदा तोच, माल तोच, गिऱ्हाईकही तेच. एखाद्या वर्षी १५ ऐवजी ८ कोटीच सुटले तर मालकांच्या हाती शून्य येते, पण असले वर्ष सादरीकरणात येत नसते. कर्जाची धास्ती वाटलीच तर पतमानांकन पाहून निश्चिंत व्हावे. पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणाऱ्या आयएल अँड एफएसचे मानांकन जुलै २०१८ मध्ये सर्वोच्च, म्हणजे ‘एएए’ होते. सप्टेंबरात ते ‘डी’, म्हणजे कर्ज थकवणाऱ्याचे, झाले. मधले दोन महिने तरी शांत झोप लागली असती, आणि झोपेचे मोल कोणत्याही गुणोत्तरात मोजत नाहीत.

वाढीचा चक्रवाढ दर सांगताना सुरुवातीचे वर्ष नीट निवडावे. करोनाच्या पडझडीत २३ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २५,९८१ वर बंद झाला होता. तेथून मोजायला घेतले तर आपणच काय, शेजारचे काकाही निष्णात गुंतवणूकदार ठरतात.

परंतु खरी प्रतिष्ठा हवी असेल तर भविष्यातील रोकड आजच्या किमतीत आणणारे डीसीएफचे कोष्टक मांडावे. त्यात पुढील दहा वर्षांची रोकड अंदाजाने भरायची, आणि दहाव्या वर्षानंतर कंपनी अनंतकाळ ठरावीक दराने वाढत राहील असे धरून उरलेले मूल्य एका भागाकारात उरकायचे. कंपनीची निम्म्याहून अधिक किंमत पुष्कळदा या एका भागाकारातून निघते, म्हणून मेहनत तेथेच करावी. अकराव्या वर्षाची रोकड १०० कोटी, सूट दर (उद्याची रोकड आजच्या किमतीत आणताना धरायचा वार्षिक दर) १२ टक्के आणि वाढ ५ टक्के धरली, तर रोकडीला या दोन दरांतील फरकाने भागून त्या टप्प्यावरचे मूल्य सुमारे १,४२९ कोटी येते. सूट दर ११ आणि वाढ ६ केली की तेच २,००० कोटी होते. कारखान्यात एक खिळाही हललेला नसतो आणि मूल्य ४० टक्के वाढलेले असते. शेअरचा भाव आधी माहीत असल्याने हे दोन दर किती ठेवायचे याचा घोळ राहत नाही. भावापासून मागे मोजत यावे आणि उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत लिहावे. देशाच्या अर्थव्यवस्थेपेक्षा वेगाने अनंतकाळ वाढणारी कंपनी एक दिवस देशाहून मोठी होईल, अशी शंका काढणाऱ्याला दीर्घकालीन दृष्टी नाही असे समजावे.

मागणीच्या अंदाजाचेही तसेच. तो फारसा खरा ठरावा लागत नाही, फक्त तो चुकल्यावर पैसे कोणी द्यायचे हे आधी ठरलेले असावे. दाभोळच्या वीज प्रकल्पासाठी एन्रॉनच्या कंपनीने १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी केलेला करार या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. वीज उचलली नाही तरी क्षमतेचे पैसे मंडळाने द्यायचे होते, आणि दराचा मोठा भाग डॉलरशी जोडलेला होता. महाग वीज मंडळाला झेपेना आणि २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला. कोष्टकातला परतावा मात्र शेवटपर्यंत सुरेख होता.

एवढी तयारी झाल्यावर कंपनीच्या निकालानंतरच्या दूरध्वनी बैठकीस अवश्य हजर राहावे. तेथे प्रत्येक विश्लेषक प्रश्नाआधी ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन अ ग्रेट सेट ऑफ नंबर्स’ असे म्हणतो. आपणही म्हणावे, आकडे कोणतेही असोत. पुढे भाव निम्मा झाला तर गुंतवणूक दीर्घकालीन असल्याचे जाहीर करावे, आणखी निम्मा झाला तर अजून शेअर घेऊन खरेदीची सरासरी खाली आणावी. अखेरीस विकावे लागलेच, तर त्या वर्षाचे विवरणपत्र मुदतीत भरण्यास चुकू नये. भांडवली तोटा आठ वर्षे पुढे ओढून भांडवली नफ्यातून वळता करता येतो. त्यासाठी मधल्या काळात कधीतरी नफा व्हावा लागतो, एवढीच अट आहे.