हजार वारुळं असूनही दुर्मीळ कशी?

नमस्कार. वनमुंग्यांवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इंग्लंडमधल्या डर्बीशर काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) लाँगशॉ इस्टेटमध्ये तुम्हाला पावलोपावली वारुळं दिसली, मग मी केसाळ वनमुंगीला (फॉर्मिका लुगुब्रिस) ‘दुर्मीळ’ का म्हटलं, असं तुम्ही विचारता. आणि दुर्मीळ असेलच, तर चार वारुळं पोत्यात भरून दुसऱ्या रानात का नेऊ नयेत, असंही.

तुम्ही पाहिलंत ते खरं आहे. तिथे हजाराहून जास्त वारुळं आहेत, मुंग्या कोट्यवधी. पण काउंटीतली बहुतेक रानं या मुंगीविना आहेत, आणि माझा ‘दुर्मीळ’ त्या नकाशाबद्दल होता. ही मुंगी पसरते ती मुख्यतः पायी. एकट्या राणीला नवं घर उभारता येत नाही. तिला जवळच्या नात्यातल्या काळ्या मुंग्यांच्या घरात घुसून तिथल्या राणीची जागा बळकवावी लागते, आणि ते क्वचितच साधतं. एरवी कामकरी मुंग्याच राणी आणि पिल्लं घेऊन जुन्या वारुळापासून थोड्या अंतरावर नवं रचतात. मध्ये शेत किंवा उघडा माळ आला की वाट खुंटते. शिवाय हजार वारुळं म्हणजे हजार कुटुंबं नव्हेत. बरीच वारुळं वाटांनी जोडलेली असतात, अन्नाची देवघेव चालते. हेच समजून घ्यायला यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 मध्ये लाँगशॉतल्याच हजार मुंग्यांच्या पाठीवर मिलिमीटरभर आकाराचे रेडिओ टॅग चिकटवायला घेतले होते.

म्हणूनच पोत्याची कल्पना मला पटत नाही. वारूळ म्हणजे काटक्या आणि पाइनच्या सुया यांचा नुसता ढीग नव्हे. ठरलेल्या झाडांवरचा मावा, त्याच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट्यासाठी रोज तुडवलेल्या वाटा, शेजारची वारुळं, हे सगळं मागेच राहील. त्यापेक्षा रानाला लागून नवी झाडं वाढू द्यावीत; मुंग्या आपल्या पायांनी तिथे पोचतील.

एका बाबतीत मात्र तुमचंच बरोबर. ‘सावली या मुंगीची शत्रू’ हे माझं वाक्य चुकीचं होतं. वारुळाला ऊन लागतं, पण पोट झाडांवरच भरतं. तिला हवी रानाची कड आणि मोकळ्या जागा. ते वाक्य आज बदललं.

आणि भिंतीपलीकडे, कोवळ्या बर्चच्या झाडापाशी तुम्हाला दिसलेलं ते छोटं वारूळ: त्याची नेमकी जागा कळवाल का? मागच्या वसंतात मी तिथून गेलो तेव्हा तिथे काहीच नव्हतं.